गाणं कधी बसवणार? नवीन बॅचच्या पालकांसाठी थोडी माहिती

नवीन बॅच सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात पालक विचारतात, "गाणं कधी बसवणार?" आणि त्यात चूक काहीच नाही, कॉलनीच्या गणपतीत शेजारची पोरगी नाचलेली असते, शाळेचं गॅदरिंग तोंडावर असतं आणि फी भरलीय तर काहीतरी दिसायला पाहिजे असं वाटणारच. पण आमच्या नाचाच्या क्लासमध्ये पहिले तीन महिने पूर्ण गाणं बसवत नाही. मग त्या वेळात पोरं करतात काय, ते अ‍ॅडमिशन घेण्याआधीच कळावं म्हणून हे पत्रक, जरा लांबलंय पण वाचा.

गाणं पाठ करून घेणं तसं सोपं असतं, सहा-सात वर्षांचं पोर समोर बघून बघून आठवड्याभरात एक कडवं उचलतं. पण गाणं बदललं की परत पहिल्यापासून सुरुवात. गॅदरिंगला तुम्ही बघितलं असेल, दुसऱ्या लाइनीतली दोन-तीन मुलं सारखी शेजारणीकडे बघत असतात आणि प्रत्येक स्टेप एक काउंट मागे पडते, ती मुलं काही कमी हुशार नसतात, त्यांना फक्त लय धरायला आणि आपली जागा ओळखायला कुणी वेगळं शिकवलेलं नसतं. आम्ही आधी तेच शिकवतो. कथक असो, भरतनाट्यम असो नाहीतर बॉलिवूड, कुठल्याही नाचात चार गोष्टी असतातच: शरीर, वेळ, जागा आणि जोर. युरोपात नृत्याचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान (जन्म 1879) यांनी हालचालीचा अभ्यास मांडला त्यातही वजन, वेळ, जागा आणि प्रवाह अशा चार गोष्टी आहेत, आणि आपल्या भरतमुनींच्या नाट्यशास्त्र या जुन्या ग्रंथात तर डोकं, हात, छाती, कुशी, कंबर, पाय ही सहा अंगं आणि डोळे-भुवयांपासून हनुवटीपर्यंतची उपांगं कधीचीच वेगवेगळी सांगून ठेवलीत.

सुरुवात उभं राहण्यापासून. ऐकायला साधं वाटतं पण दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून, खांदे सैल सोडून दोन मिनिटं नीट उभं राहणं बऱ्याच मुलांना जमत नाही, कारण दप्तराची सवय, एका पायावर रेलायची सवय. मग भरतनाट्यमची अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं. इथे आम्ही फार कडक आहोत. पाय वळायला पाहिजे तो खुब्यातून, आणि गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेला गेला पाहिजे. बोटं जबरदस्तीने बाहेर आणि गुडघे आत पडलेले असं करून पोर खाली बसलं की फोटोत छान दिसतं पण सगळा ताण गुडघ्यावर येतो, म्हणून ज्याचं जेवढं वळतं तेवढंच वळवतो, बाकीचं हळूहळू येतं. गुडघा दुखला तर ते लपवायचं नाही, लगेच सांगायचं, हे मुलांना सांगतो आणि तुम्हालाही सांगतोय.

मग लय, म्हणजे वरच्या चारातली वेळ. आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो आणि मला वाटतं तो जायलाच पाहिजे. तीनताल 16 मात्रांचा (मात्रा म्हणजे तालाचा एक ठोका), चार-चारचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळी न वाजवता हात बाजूला उलगडायचा. आधी नुसतं बसून टाळीवर, तोंडाने "धा धिं धिं धा" म्हणत. हे बोल, म्हणजे तालाचे शब्द, तोंडात बसले की पाय, "ता थेई थेई तत, आ थेई थेई तत". यात पहिले चार उजवा-डावा-उजवा-डावा, आणि "आ" ला परत डावाच. लागोपाठ दोनदा डावा आला की जवळजवळ प्रत्येक मूल अडखळतं, कारण चालताना डाव्यानंतर उजवा टाकायची सवय असते, आणि शेवटच्या "तत" नंतर परत "ता" ला तसंच, फक्त पाय उजवा. हे एवढं एक वळण स्वच्छ जमेपर्यंत आम्ही पुढे जात नाही. ते जमलं की त्याच बोलांची दुगुन, म्हणजे तेवढ्याच वेळात डबल, आणि नंतर चौगुन, म्हणजे चौपट. पालकांना स्पीड आवडतो हे माहितीय, पण खरी परीक्षा संथ लयीत असते, तिथे पाय पुढे पळायला बघतो आणि त्याला थांबवून धरावं लागतं.

फिल्मी गाण्यांचं म्हणाल तर बहुतेक गाणी आठच्या काउंटवर बसतात, त्यामुळे तीनतालाच्या पोराला ती अवघड जात नाहीत. दादरा मात्र 6 मात्रांचा, तो ऐकून ओळखायचा असा खेळ आम्ही शनिवारी घेतो आणि मुलांना फार आवडतो.

जागेचं थोडक्यात सांगतो. खाली बसून, मधे, उडी मारून. पुढे, मागे, तिरकं. सरळ रेषेत, गोलात. शाळेत लेझीम केलेल्या मुलांना हे पटकन येतं, रांगेतून गोलात आणि गोलातून परत रांगेत कसं जायचं हे त्यांच्या अंगात असतं. क्लासमध्ये समोर आरसा आहे, पण आठवड्यातून एकदा सगळ्यांना आरशाकडे पाठ करून उभं करतो. भावे नाट्यमंदिरात काय किंवा शाळेच्या पटांगणावरच्या मांडवात काय, स्टेजवर आरसा नसतो, विंगेतून निघून बरोबर मध्यावर पोचायचं ते स्वतःच्या अंदाजानेच. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये मराठी नाटक उभं केलं तिथल्या पोरांना स्टेजची भीती नसावी एवढी आमची इच्छा आहे.

आता जोर. मुलांना म्हणतो, भरलेली कळशी उचल, आता रिकामी उचल. हात तोच, उंची तीच, तरी पाठ, मान, श्वास सगळं बदलतं. तांडव (जोरकस नाच) आणि लास्य (नाजूक नाच) हा फरक लहान मुलांना व्याख्येने कळत नाही, या दोन कळश्यांनी कळतो. लावणीत ढोलकी थांबली की अंग तिथल्या तिथे थांबवणं हेही जोराचंच काम.

हस्तमुद्रा तिसऱ्या महिन्यात सुरू करतो. अभिनयदर्पण या नाचावरच्या जुन्या ग्रंथात एका हाताच्या 28 मुद्रा आहेत, आम्ही पताका या पहिल्या मुद्रेपासून थोड्या थोड्या घेतो, आणि हात जिकडे नजर तिकडे हे पहिल्या दिवसापासून.

परीक्षेबद्दल बरेचजण विचारतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कथक आणि भरतनाट्यमच्या परीक्षा असतात, प्रारंभिकपासून पुढे विशारदपर्यंत. गायक विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पण गाणं शिकले ते आपल्या मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, त्यामुळे या परीक्षांबद्दल आम्हाला आपुलकी आहे. तरी घाई करू नका. कथकच्या परीक्षेत हातावर ताल धरून बोल म्हणून दाखवावे लागतात, आणि पाया कच्चा असला की मूल तिथेच गडबडतं.

मुलगा आहे म्हणून कचरू नका, कथकचे बिरजू महाराज आणि मोठे नर्तक उदय शंकर हे पुरुषच होते, आणि आमच्या बॅचमध्ये मुलगेही आहेत.

घुंगरू आत्ता घेऊ नका. घुंगरांच्या आवाजात तळव्याचा आवाज लपतो, पाय सपाट पडतोय की नुसती टाच आपटतीय हे सरांनाही कळत नाही आणि पोरालाही. वेळ आली की आम्ही सांगू, आणि कथकसाठी दोरीत ओवलेले, भरतनाट्यमसाठी पट्ट्यावर बसवलेले असे वेगळे घ्यावे लागतात.

घरी रोज दहा मिनिटं पुरतात. नुसत्या फरशीवर पाय आपटू देऊ नका, घसरणार नाही अशी जाड चटई टाका. आजी-आजोबांनी टाळी धरली तर फारच उत्तम, मुलं त्यांच्यासमोर जास्त मन लावून करतात.

वय सहा पूर्ण असावं. येताना गुडघे दिसतील किंवा घट्ट बसतील असे कपडे, केस बांधलेले, पाण्याची बाटली, आणि जेवून लगेच पाठवू नका. पहिला तास फी न घेता, तुम्हीही मागे बसून बघा. मोबाईलवर शूटिंग करायचं असेल तर शेवटच्या दहा मिनिटात करा, त्याआधी कॅमेरा दिसला की पोरं पाय सोडून कॅमेऱ्याकडे बघतात.