झगा जुना, प्रश्न नवा

पदवीदानाचा हंगाम आला की विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या संस्थांत ठरलेलं चित्र दिसतं. काळे झगे, चौकोनी टोप्या, फोटो, आणि प्रत्येक नवपदवीधराच्या नावापुढे एकेक ओळ. ही अमुक कंपनीत रुजू होतेय, हा पीएच.डी.ला चाललाय, तिसरीने स्वतःचं काहीतरी सुरू करायचं ठरवलंय. हे सगळं एकाच वेळी जन्माला आलं असावं असं वाटतं, पण तसं नाही. झग्याची परंपरा सुमारे आठशे वर्षांची आहे. त्या झग्यात विज्ञानाचा आणि अभियांत्रिकीचा विद्यार्थी शिरला तो गेल्या दोनशे वर्षांत. आणि ‘पुढे काय करणार?’ हा प्रश्न तर या सगळ्यांत धाकटा. बराच काळ तो विचारायची गरजच पडत नव्हती.

बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड या जुन्या विद्यापीठांत पदवी म्हणजे शिकवण्याचा परवाना. शिक्षकांचा एक संघ असे आणि कारागिरांच्या संघात जशा उमेदवारापासून उस्तादापर्यंत पायऱ्या असत, तशा इथेही असत. समारंभात नव्या मास्टरने जुन्या मास्टरांसमोर व्याख्यान द्यायचं, वाद घालायचा, टोपी स्वीकारायची आणि नंतर पदरच्या पैशाने मंडळींना जेवू घालायचं. बहुतेक विद्यार्थी धर्मसंस्थेशी बांधलेले, म्हणून अंगावर लांब झगा; शिवाय दगडी सभागृहं गार असत, तेव्हा तो सोयीचाही होता. विद्याशाखा चारच होत्या: कला, कायदा, वैद्यक आणि धर्मशास्त्र. पूल बांधणारे, खाणी खोदणारे, चक्क्या उभारणारे लोक या दारातून आत येतच नसत. त्यांची विद्या कामावर, कुणाच्या तरी हाताखाली, उमेदवारी करून मिळायची.

तंत्रज्ञांसाठी शाळा निघाल्या त्या विद्यापीठांनी काढल्या नाहीत, राज्यकर्त्यांनी काढल्या. फ्रान्समध्ये १७४७ साली रस्ते आणि पूल बांधणाऱ्यांसाठी पॅरिसला शाळा सुरू झाली. झाँ-रोदोल्फ पेरोने हे तिचे पहिले प्रमुख. तिथे हुशार विद्यार्थीच बाकीच्यांना शिकवत, स्पर्धा लावल्या जात, त्यांत गुण मिळवत वर चढायचं. १७६५ मध्ये जर्मनीत, सॅक्सनीतल्या फ्रायबर्ग इथे खाणकामाची अकादमी निघाली. पुढे निसर्गशास्त्रज्ञ म्हणून गाजलेला अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट तिथे शिकून थेट प्रशिया या जर्मन राज्याच्या खाण खात्यात लागला. १७९४ मध्ये पॅरिसमध्ये एकोल पॉलिटेक्निक उभी राहिली आणि १८०४ मध्ये नेपोलियनने तिला लष्करी शिस्तीखाली आणलं. तिथला शेवटचा दिवस म्हणजे गुणवत्ता यादी लागण्याचा दिवस. यादीतल्या क्रमांकाप्रमाणे सरकारी खातं निवडायचं: वरच्यांना खाणी, पूल-रस्ते, आणि खाली घसरत जाल तसे पर्याय आटत जायचे. अशा ठिकाणी कुणी विद्यार्थ्याला ‘पुढचा काय विचार?’ असं विचारलं असतं, तर त्याने यादीकडे बोट दाखवलं असतं.

भारतातही सुरुवात याच वाटेने झाली. रुरकीचं महाविद्यालय १८४७ मध्ये निघालं ते गंगेच्या कालव्याला माणसं हवी होती म्हणून. पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला तो सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालचे लोक पुरवण्यासाठी. विद्यार्थी आत येण्याआधीच त्याची खुर्ची, किंवा खरं तर त्याचं साइटवरचं स्टूल, ठरलेलं होतं.

या सगळ्यांत मला जपानचं उदाहरण सर्वांत बोलकं वाटतं. तोक्योतल्या इम्पीरियल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये १८७३ पासून हेन्री डायर हा तरुण स्कॉटिश प्रमुख होता. सरकारी खर्चाने शिकणाऱ्यांनी नंतर सात वर्षं सरकारची नोकरी करायची, असा करार होता. १८७९ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, तेवीस जणांची. त्यांतल्या अकरा जणांना, प्रत्येक शाखेतल्या निवडक विद्यार्थ्यांना, पुढच्या शिक्षणासाठी ब्रिटनला पाठवण्यात आलं. शिदा रिन्झाबुरो ग्लासगोला भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिनकडे विजेचं शास्त्र शिकला आणि परतून त्याच क्षेत्रात जपानचा अग्रणी झाला. तात्सुनो किंगोने पुढे तोक्यो रेल्वे स्थानकाची इमारत रचली. ताकामिने जोकिची रसायनशास्त्राचा. त्याने मात्र काही वर्षांनी सरकारी चौकट सोडली, अमेरिकेत गेला आणि अॅड्रेनलिन वेगळं काढण्याच्या कामामुळे नावारूपाला आला. राज्याने आखलेल्या योजनेत एखादा ताकामिने निघतोच. योजना करणारे त्याला गृहीत धरत नाहीत, एवढंच.

इथपर्यंत नोकरीची हमी होती, पण मान नव्हता. पदवी, झगा, समारंभ हे सगळं अजून जुन्या विद्यापीठांच्या ताब्यात होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी १८२४ मध्ये सुरू झालेल्या रेन्सेलर शाळेने १८३५ मध्ये स्थापत्य अभियंता म्हणून पदव्या दिल्या, तेव्हा ती तुकडी चार जणांची होती. ब्रिटनमध्ये लंडन विद्यापीठाने १८६० मध्ये बी.एस्सी. ही पदवी सुरू केली. त्याआधी तिथे विज्ञान शिकलात तरी हाती पडायची ती बी.ए. (ऑक्सफर्ड आणि केम्ब्रिजमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही तीन वर्षांच्या अभ्यासाची पदवी आजतागायत बी.ए.च मिळते. जुन्या घरांना नव्या पाट्या लावायची घाई नसते.)

खरा तंटा झाला जर्मनीत. तिथल्या तांत्रिक उच्चशाळा शिकवण्यात आणि संशोधनात विद्यापीठांच्या तोडीच्या झाल्या होत्या, पण डॉक्टरेट देण्याचा हक्क विद्यापीठं सोडायला तयार नव्हती. पुलाचे गर्डर मोजणाऱ्याला डॉक्टर कसं म्हणायचं, असा सूर. अखेर १८९९ मध्ये, बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गच्या तांत्रिक संस्थेच्या शताब्दीच्या वेळी, जर्मन सम्राट कैसर दुसऱ्या विल्हेल्मने प्रशियाच्या तांत्रिक संस्थांना हा अधिकार दिला. पदवी मात्र लॅटिनमध्ये नाही, जर्मनमध्ये: डॉक्टर-इंजिनियर. विद्यापीठाच्या डॉक्टरशी कुणाची गल्लत होऊ नये म्हणून. आज जर्मन अभियंते ही पाटी अभिमानाने दारावर लावतात.

त्याच सुमाराला अमेरिकेत झग्यांना शिस्त लागली. १८९५ मध्ये अनेक विद्यापीठांनी मिळून एक संहिता ठरवली: कुठल्या पदवीला बाह्या कशा, आणि कुठल्या विद्याशाखेला रंग कोणता. विज्ञानाच्या वाट्याला सोनेरी पिवळा आला. अभियांत्रिकीचा रंग नारिंगी ठरला. साडेसहाशे वर्षं ज्यांना दारात उभं केलं नव्हतं, त्यांना आता कापडाच्या पट्टीइतकी का होईना, जागा मिळाली.

पण दार सगळ्यांना सारखं उघडलं नाही. १८७३ मध्ये एलन स्वॅलो अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेची पदवी मिळवणारी पहिली स्त्री ठरली. केम्ब्रिजमध्ये स्त्रिया परीक्षेला बसत, उत्तीर्ण होत, तरी पदवी नाही. १८९७ मध्ये त्यांना पदवी द्यावी का यावर मतदान झालं, तेव्हा विरोधी विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा रस्त्यावर टांगला. ठराव पडला. पूर्ण हक्काची पदवी मिळायला १९४८ उजाडलं. कमला सोहोनींनी १९३९ मध्ये तिथूनच जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. केली, तेव्हा त्या हक्काला अजून नऊ वर्षं होती. मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून १९४०च्या दशकात ए. ललिता विद्युत अभियंता झाल्या. भारतातल्या पहिल्या काही स्त्री अभियंत्यांपैकी त्या एक. प्रमाणपत्राच्या छापील मजकुरात पदवीधर पुरुषच असणार हे गृहीत होतं. त्यांच्या प्रतीवर ‘तो’ खोडून हाताने ‘ती’ लिहावं लागलं.

आणि पदवी मिळाली म्हणजे पुढचं मार्गी लागलं, असंही नव्हतं. एडिथ क्लार्कने १९१९ मध्ये एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीत पदव्युत्तर पदवी घेतली. त्या विभागातून ती घेणारी पहिलीच स्त्री. अभियंता म्हणून कुणी घेईना. जनरल इलेक्ट्रिकमध्ये तिला आकडेमोड करणाऱ्या मुलींवर देखरेखीचं काम मिळालं. १९२१ मध्ये ते सोडून ती कॉन्स्टँटिनोपलला भौतिकशास्त्र शिकवायला गेली. परतल्यावर, १९२२ मध्ये, त्याच कंपनीने तिला अभियंता म्हणून घेतलं. पुरुषांचंही नेहमी सुरळीत नसे. विलार्ड गिब्जने १८६३ मध्ये येलमधून अभियांत्रिकीत डॉक्टरेट घेतली, अमेरिकेतली त्या विषयातली पहिली. विषय होता दातेरी चाकांच्या दात्यांचा आकार. त्यानंतर सुरुवातीला तो लॅटिन शिकवत होता! १८७१ मध्ये प्राध्यापक झाला तोही बिनपगारी. उष्मागतिकीला नवा पाया देणारं काम त्याने त्याच काळात केलं. आइनस्टाइन १९०० मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून पदविका घेऊन बाहेर पडला, साहाय्यकाची जागा काही मिळाली नाही, आणि १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात चिकटला.

समारंभांच्या वात्रट बाजूकडेही पाहायला हवं. जर्मनीतल्या ग्योटिंगेन या विद्यापीठाच्या गावी, चौकातल्या कारंज्यावर १९०१ मध्ये हंस राखणाऱ्या मुलीचा पुतळा बसवला गेला आणि विद्यार्थी कारंज्यावर चढून तिचा मुका घेऊ लागले. १९२६ मध्ये नगरपालिकेने बंदी घातली, एक विद्यार्थी न्यायालयात गेला आणि हरला. बंदी कागदावर राहिली, प्रथा चालू राहिली. आज नवे डॉक्टर सजवलेल्या गाड्यातून, डोक्यावर मित्रांनी बनवलेली चित्रविचित्र टोपी घालून तिथे येतात. त्या टोपीवर बहुधा संशोधनाच्या विषयाची थट्टा केलेली असते. टोप्या हवेत उडवण्याची कथा वेगळी. अमेरिकी नौदल अकादमीतल्या पदवीधरांना आधी दोन वर्षं जहाजावर काढून मग अधिकारीपद मिळे, त्यामुळे विद्यार्थीदशेतली टोपी लागायची. १९१२ मध्ये पदवीबरोबरच अधिकारीपद मिळालं, जुनी टोपी निरुपयोगी झाली, आणि त्यांनी ती भिरकावली.

कॅनडातला विधी मात्र थट्टेचा नाही. क्वेबेकमध्ये सेंट लॉरेन्स नदीवर बांधला जात असलेला पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी कोसळला आणि ७५ कामगार गेले. रचनेतलं वजन कमी धरलं गेलं होतं, आणि तुळया वाकताना दिसत असूनही काम वेळेत थांबलं नाही. १९१६ मध्ये त्याच ठिकाणी नव्या पुलाचा मधला भाग उचलताना पडला, आणखी १३ जण गेले. पुढे १९२२ मध्ये टोरोंटोचे खाणशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट हॉल्टेन यांनी अभियंत्यांच्या सभेत मांडलं, की डॉक्टरांना शपथ असते तशी आपल्यालाही हवी. मजकूर लिहायला इंग्रजी लेखक रडयार्ड किपलिंगला गळ घातली गेली आणि २५ एप्रिल १९२५ रोजी माँट्रियलला पहिला विधी झाला. अभियंता ज्या हाताने काम करतो त्या हाताच्या करंगळीत खडबडीत अंगठी घातली जाते, मूळची लोखंडी, आता बहुधा स्टेनलेस स्टीलची. रेखाटन करताना ती कागदाला घासत राहते. या अंगठ्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाच्या होत्या अशी दंतकथा आहे, तिला आधार नाही. विधी खाजगी असतो, वृत्तपत्रांना आमंत्रण नसतं. अमेरिकेने १९७० मध्ये क्लीव्हलँडपासून याचंच रूप उचललं, अंगठी स्टेनलेस स्टीलची केली आणि कार्यक्रम उघड केला.

‘पुढे काय’ हा प्रश्न सार्वत्रिक झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, पदवीधरांची संख्या एका खात्यात किंवा एका उद्योगात मावेनाशी झाल्यावर. अमेरिकेत १९५७ पासून डॉक्टरेट घेणाऱ्यांपुढे एक प्रश्नावली ठेवली जाते आणि तिच्यात पुढच्या बेताविषयी विचारलं जातं. करार झाला आहे, बोलणी चालू आहेत, शोध चालू आहे पण नक्की काही नाही, असे पर्याय असतात. शुभेच्छांच्या याद्यांत पहिल्या पर्यायाची माणसं ठळक दिसतात. तिसऱ्यांची नावं त्या याद्यांत शोधावी लागतात, आणि आइनस्टाइनने १९०० मध्ये हीच खूण केली असती. १९५७ हेच सोव्हिएत संघाने सोडलेल्या स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाचंही वर्ष. पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेत अवकाश आणि संरक्षण क्षेत्रांनी अभियंत्यांना हातोहात उचललं. १९७०च्या सुमाराला तो पैसा आटला तेव्हा शिकलेसवरलेले अभियंते घरी बसले.

तोवर दुसराही एक सूर उमटला होता. ४ मार्च १९६९ रोजी एमआयटीत विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी एक दिवस संशोधन थांबवलं; विज्ञानाचा लष्करी वापर हा चर्चेचा विषय होता. नोकरी मिळेल का याच्या जोडीला आता कुठली नोकरी घ्यावी हेही विचारलं जाऊ लागलं. १९९० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी आर्किमिडीजच्या नावाने शपथ तयार केली. अणुबॉम्ब प्रकल्पातून बाहेर पडलेले आणि १९९५ मध्ये शांततेचं नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लाट यांनीही तरुण वैज्ञानिकांनी अशी शपथ घ्यावी, याचा सतत आग्रह धरला. त्याआधी, १९८७ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या हुम्बोल्ट स्टेट विद्यापीठात एक साधी प्रतिज्ञा निघाली होती. कुठलीही नोकरी स्वीकारण्यापूर्वी तिचे सामाजिक आणि पर्यावरणीय परिणाम तपासून पाहीन, एवढाच तिचा आशय. ती पुढे इतर अनेक विद्यापीठांत गेली. सही करणं ऐच्छिक असतं, आणि केलेले विद्यार्थी समारंभात झग्यावर हिरवी फीत लावतात. परिणाम म्हणजे नेमकं काय धरायचं, हे प्रतिज्ञेत मुद्दाम लिहिलेलं नाही. ते सही करणाऱ्यानेच ठरवायचं आहे.