सोसायटीच्या एसटीपीतील पाण्याचा नमुना

गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून (एसटीपी) निघालेले पाणी फ्लशला, बागेला वा पालिकेच्या मलवाहिनीत जाते. पावसाळी गटारात ते सोडू नये, कारण ते गटार पुढे नाल्याला किंवा नदीला मिळते. केंद्राला लागू असलेली मर्यादा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात असते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) महानगरांसाठी २० आणि इतरत्र ३० मिग्रॅ प्रति लिटर होता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये तो १० वर आणण्यास सांगितले.

नमुना फिल्टर आणि क्लोरीननंतर, पण दुसरे कुठलेही पाणी मिसळण्याआधी घ्यावा. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा, नाहीतर पाइपात साचलेले पाणीच बाटलीत येते. चेंबरमधून घेताना भिंतीवरचा बुळबुळीत थर खरवडला की टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण) आणि बीओडी दोन्ही फुगतात. बॅकवॉश (फिल्टर उलट प्रवाहाने धुणे) चालू असताना नमुना घेऊच नये. सकाळी आठच्या सुमारास, भार सर्वाधिक असताना घेतलेला एकच नमुना दिवसाची सरासरी सांगत नाही; त्यासाठी दिवसभरात ठरावीक अंतराने, प्रवाहाच्या प्रमाणात घेतलेला मिश्र नमुना लागतो.

एकाच बाटलीत सगळे भागवणे ही नेहमीची चूक. बीओडीची बाटली काठोकाठ भरून, आम्ल न घालता, बर्फात अंधारात ठेवतात. सीओडीसाठी (घाणीचे रसायनाने ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन) सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणतात. तेल-ग्रीसला रुंद तोंडाची काचेची बाटलीच हवी. प्लास्टिकला तेल चिकटून राहते. जिवाणू तपासणीच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट असावे लागते, अन्यथा उरलेला क्लोरीन वाटेत जिवाणू मारत राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. पीएच आणि उरलेला क्लोरीन जागेवरच मोजावा.

बीओडीची भारतीय चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांची असते. क्लोरीन काढून नवे जिवाणू घातले नाहीत तर आकडा फसवा कमी येतो. उलट, अमोनिया नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू ऑक्सिजन खाऊन तो वाढवतात, म्हणून चांगल्या चाललेल्या केंद्राचाही बीओडी कधी चढा दिसतो.

मंडळाचा कायदेशीर नमुना वेगळा. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ नुसार सूचना देऊन, कब्जेदारासमोर नमुन्याचे दोन भाग करतात. दोन्ही बाटल्या सीलबंद होऊन त्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या होतात.