फाटकाबाहेरचे तास : ट्रकचालकांच्या बिनपगारी कामाची पार्श्वभूमी

विदर्भातल्या वणी, घुग्घुस, राजुरा या कोळशाच्या पट्ट्यात ट्रकचालकाला काल किती काम झाले असे विचारले, तर उत्तर खेपांमध्ये येते, तासांमध्ये येत नाही. मजुरीचा हिशेबच खेपेवर बांधलेला असतो : खेपेमागे भत्ता, वर खोराकी, म्हणजे जेवणाखाण्याचे पैसे, आणि घरच्या अडचणीला मालकाकडून उचल. खाणीच्या फाटकाबाहेर नंबर लागण्याची वाट पाहणे, वजनकाट्यावरची रांग, ताडपत्री चढवून दोर आवळणे, पर्चीवर सही-शिक्का मिळवणे, परतल्यावर गाडी धुणे, ग्रीस भरणे आणि यार्डात रात्री डिझेल व टायरची राखण करणे, हे त्या हिशेबात धरले जात नाही. वास्तविक यांतील बहुतेक कामांना कायद्यात १९६१ पासून जागा आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने चालकासाठी दिवसाला ९ आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली होती. परंतु त्या काळी विदर्भातला लांब पल्ल्याचा माल मुख्यतः रेल्वेने जात असल्याने इकडे तिचा फारसा प्रश्न आला नाही. त्याच वर्षी जिनिव्हा येथे रस्ते वाहतुकीतील कामाच्या तासांविषयी एक आंतरराष्ट्रीय करार संमत झाला, आणि पुढचा सारा गुंता त्यातल्या शब्दांपाशी सुरू होतो.

त्या कराराने कामाच्या तासांत गाडी धावण्याचा वेळ, गाडीशी किंवा मालाशी संबंधित पूरक काम आणि ‘नुसती हजेरी’, म्हणजे बोलावणे येईल म्हणून जागेवर थांबून राहण्याचा वेळ, असे तिन्ही धरले होते. आपल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ही रचना जवळजवळ जशीच्या तशी उचलली. पूरक कामात गाडी ताब्यात घेणे व लावणे, तिची देखभाल-दुरुस्ती, माल भरणे-उतरवणे आणि नोंदवह्यांवर सह्या करणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तिसऱ्या प्रकाराला मात्र एक शेपूट जोडले गेले : नुसती हजेरी मोजायची ती टर्मिनलवरची, आणि तीही १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तरच. पूरक कामाच्या यादीत तिकिटे तपासणे आणि रोकड भरणे हेही असल्याने, कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बसस्थानक होते असे मला वाटते. बसच्या दोन फेऱ्यांमधल्या दहा मिनिटांना ती तरतूद शोभते. कोळशाच्या ट्रकला लावली, तर १४ मिनिटे थांबलेल्याचा वेळ काम ठरतो आणि १४ तास थांबलेल्याचा ठरत नाही.

मालकांची बाजू या शेपटावरच उभी राहिली. गाडी उभी आहे, चालक केबिनमध्ये पडून आहे, मग काम कसले, असा त्यांचा प्रश्न असतो. कामगारांच्या बाजूने मूळ व्याख्येकडे बोट दाखवले जाते, कारण तिच्यात कामगार ‘मालकाच्या दिमतीला असलेला वेळ’ म्हणजे कामाचा वेळ असे म्हटले आहे आणि तीन प्रकार हे त्यात ‘समाविष्ट’ म्हणून दिले आहेत. मला हेच वाचन योग्य वाटते. ज्याने ती रांग पाहिली आहे त्याला तिथे नुसती हजेरी नसते हे ठाऊक आहे. पंचवीस-तीस मिनिटांनी रांग एका गाडीने सरकते; झोप लागली तर मागचे हॉर्न वाजवतात किंवा नंबर जातो; क्लीनर उतरून टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी सळी, मारत हवेचा अंदाज घेतो आणि पुन्हा वर चढतो. गाडी सोडून जेवायला जाण्याची सोय नसते. तरीही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ मध्ये एक पोटकलम असे आहे, की चालक प्रत्यक्ष काम करत नसला पण त्याला गाडीजवळ राहावे लागत असेल, तर तो काळ कोणत्या परिस्थितीत विश्रांती मानावा हे सरकार नियमाने ठरवू शकते. १९९४ च्या दुरुस्तीने त्याच कलमात कामाच्या तासांसाठी १९६१ च्या कायद्याकडे निर्देश केला. त्यामुळे एकाच चालकाचा एकच वेळ एका वाचनाने काम आणि दुसऱ्या वाचनाने विश्रांती ठरू शकतो.

शिकाऊपणाची गोष्ट याहून जुनी आहे. क्लीनर म्हणून उस्तादाच्या हाताखाली राहायचे, जेवणखाण आणि थोडी खोराकी घ्यायची आणि मोकळ्या रस्त्यावर कधीतरी स्टेअरिंग हाती येण्याची वाट पाहायची, ही रीत गावोगावच्या मुलांनी पाळली. १९६१ च्या कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत क्लीनरचे नाव आहे आणि ‘वेतनावर असो वा नसो’ असे शब्दही आहेत. त्याच वर्षी शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला आणि कारखान्यातल्या उमेदवाराला विद्यावेतन मिळू लागले. क्लीनर त्या चौकटीत बसला नाही. व्यावसायिक परवान्यासाठीची आठवी पासची अट २०१९ मध्ये निघेपर्यंत शाळा लवकर सुटलेल्या मुलांना पुढची पायरीही बंद होती. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त केंद्रांत जड वाहनासाठी ६ आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम आणला, आणि धोकादायक मालासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण आधीपासूनच आवश्यक आहे. त्या दिवसांचा खाडा कोणी भरून द्यायचा याचे उत्तर व्यवहारात चालकाच्याच खिशातून दिले जाते.

गेल्या काही वर्षांत रस्त्यावरचा वेळ घटला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमेवरचे करनाके उठले, फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, आणि नागपूर–मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. फाटकाबाहेरची रांग यांपैकी कशानेही हलली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. तिच्यातही १५ मिनिटांची अट तशीच उतरली आहे. उलट, पूर्वी पाच कामगारांच्या वाहतूक व्यवसायाला कायदा लागू होत असे, तिथे आता दहाची अट आली. आमच्या तालुक्यांत दोन-तीन गाड्यांचा मालक हाच सर्रास आढळतो, त्यामुळे त्याच्याकडचा चालक आधीही बाहेर होता आणि आता त्याच्या जोडीला आणखी काहीजण आले.

थांबण्याचा वेळ मोजता येत नाही, असे आता कोणी म्हणू शकत नाही. गाडीतल्या जीपीएसवर फाटकाबाहेरचे प्रत्येक मिनिट उमटते, आणि ठरलेल्या मुदतीपेक्षा गाडी जास्त अडकली तर मालक त्याच नोंदीवरून पार्टीला, म्हणजे ज्याचा माल आहे त्याला, ‘हॉल्टिंग’ म्हणजे थांबण्याचा आकार लावतो. त्या हॉल्टिंगमधून चालकाला वाटा देणारे मालकही आहेत, परंतु तो त्यांच्या मर्जीचा भाग आहे. खेपेच्या हिशेबात त्याचा रकाना अजून नाही.