काळा पाषाण आणि मांगलीची कवटी

पारसिक, येऊर किंवा खारघरचा डोंगर कुठेही खणा, हाती लागतो तो काळा पाषाण. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तो तयार झाला. पृथ्वीवरचे पहिले उभयचर त्याच्या कितीतरी आधी येऊन गेले. नवी मुंबईच्या खदानींत त्यांची हाडं सापडणार नाहीत, ती एवढ्यासाठी. पण जुन्या उभयचरांच्या अभ्यासात महाराष्ट्राचं नाव फार लवकर आलं, ते विदर्भामुळे.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली १८५३ मध्ये. त्याच सुमारास नागपुरात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे स्कॉटिश मिशनरी धर्मप्रसाराइतक्याच निष्ठेने दगड फोडत होते. (नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ते याच हिस्लॉपच्या नावाचं.) नागपूरच्या दक्षिणेला मांगली गावच्या वालुकाश्मात मिळालेली एक कवटी लंडनला पोचली आणि १८५५ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिलं. त्याच्या लेखी हा सरपटणारा प्राणी होता! आज त्याला उभयचरांच्या टेम्नोस्पॉन्डिल या नामशेष गटात धरतात. वय सुमारे २५ कोटी वर्षं.

एकट्या कवटीवरून काय कळणार, असं वाटेल. पण ती रुंद, आखूड आणि चपटी आहे. या घराण्याच्या कवट्यांवर खाचा दिसतात. माशांना पाण्याची हालचाल ज्यांनी जाणवते, त्या संवेदी नलिकांच्या त्या खुणा. म्हणजे चार पाय असूनही जनावर पाण्यातलंच. दात आडवा कापला तर आत नागमोडी घड्या दिसतात, आणि तशाच घड्या त्याहून जुन्या काही माशांच्या दातांतही आहेत. याचे भाऊबंद दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही निघाले. तेव्हा हे सगळे भूभाग गोंडवन या प्राचीन महाखंडात जोडलेले होते.

पाय मुळात जमिनीवर चालण्यासाठी आले, हा समज मात्र ग्रीनलंडने मोडला. तिथे जीवाश्मरूपात मिळालेल्या अकँथोस्टेगा या अगदी सुरुवातीच्या चार पायांच्या प्राण्याच्या पुढच्या पायाला आठ बोटं होती आणि तो राहत होता पाण्यात.

आपल्या बाजूला उभयचरांची खूण हवी असेल तर ती वरळीच्या टेकडीत मिळाली. तिथल्या चिमुकल्या बेडकांचं वर्णन ओवेनने १८४७ मध्येच केलं होतं. पुढे त्यांना इंडोबॅट्राकस म्हणू लागले. लाव्हा वाहायचा थांबला की मधल्या काळात तळी साचत, त्यांच्या गाळाचा शेल झाला आणि बेडूक त्यात राहिले. ठाण्याकडेही शोधायचंच झालं, तर कातळाच्या दोन थरांमधला असा मऊ, पापुद्र्यांचा दगड बघावा.