गरजांचे पूर्वानुमान (अतिथी व ग्राहकसेवा)

पाहुण्याला किंवा ग्राहकाला काय लागेल, हे त्याने मागण्यापूर्वीच ओळखून तशी तजवीज करण्याची पद्धत. हॉटेल, विमानसेवा, रुग्णालये, दुकाने अशा सर्व सेवाव्यवसायांत तिला महत्त्व आहे.

तिचा पाया म्हणजे निरीक्षण. जेवायला बसलेल्याने मेनूकार्ड हातभर लांब धरून डोळे बारीक केले, तर दिवा जवळ आणायचा किंवा मोठ्या अक्षरांतले कार्ड द्यायचे. ‘दिसत नाही का?’ असे विचारायचे नाही. त्याने चमचा डाव्या हातात घेतला, तर पुढच्या वेळी पेला डावीकडे ठेवायचा. पेंगुळलेले मूल कडेवर घेऊन रात्री उशिरा आलेल्या प्रवाशाला आधी बसायला खुर्ची द्यायची, कागदपत्रांचे मग बघायचे. हे सारे पाहणाऱ्याच्या सहज लक्षात यावे इतके साधे असते, पण कामाच्या रेट्यात नेमके तेच निसटते. त्यामुळे कर्मचाऱ्यांची संख्या आणि त्यांना मिळणारी उसंत हाही या सेवेचाच भाग मानला पाहिजे.

निरीक्षणाला नोंदींची जोड लागते. रिट्झ-कार्लटन हॉटेलांनी सेवेच्या तीन पायऱ्यांत गरजांच्या पूर्वानुमानाला स्थान दिले. तेथील कर्मचारी पाहुण्यांच्या आवडीनिवडी टिपून ठेवत व ती माहिती संगणकाद्वारे इतर शाखांनाही मिळे. या कंपनीला १९९२ आणि १९९९ मध्ये अमेरिकेचा माल्कम बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कार मिळाला.

जपानी अभ्यासक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार काही गुण ग्राहक गृहीतच धरतो. ते नसले तर तो नाराज होतो, असले तर त्याला विशेष काही वाटत नाही. काही गुणांची मात्र त्याला अपेक्षाच नसते आणि ते लाभले की तो सुखावतो. पूर्वानुमान मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात मोडते. मात्र आजचे अप्रूप सवयीने उद्याची अपेक्षा बनते, म्हणून एकदा ठरवलेली यादी वर्षानुवर्षे पुरत नाही.

पूर्वानुमान चुकू शकते. कालच्या आवडीवरून आजची इच्छा गृहीत धरली, की पाहुण्याला नकार देणे अवघड जाते. म्हणून वस्तू हाताशी ठेवावी, गळ्यात मारू नये. आपल्यावर पाळत आहे असे त्याला वाटले, तर सेवा कितीही तत्पर असली तरी ती नकोशी होते. संगणकीय नोंदींमुळे हा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या माहितीसंरक्षण नियमावलीनुसार ग्राहकाला स्वतःविषयीच्या नोंदी पाहण्याचा आणि चुकीच्या नोंदी दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे.