बोअरचं पाणी, करडईचं तेल आणि केसांचा वास

सकाळी डोकं धुतलेलं असतं, आणि संध्याकाळी स्कार्फ सोडला की केसांतून पुन्हा तोच आंबूस, कुबट वास येतो. लातूर, बीड, धाराशिवकडे उन्हाळ्यात ही तक्रार घरोघरी ऐकू येते. बोल लागतो तो धुणारीला: नीट चोळलं नसेल, तेल जास्त थापलं असेल. रसायनशास्त्राला विचाराल तर यातला बराच दोष बादलीतल्या पाण्याकडे जातो. पण आधी हा वास तयार कुठे होतो ते बघू.

केस म्हणजे केराटिन नावाचं मृत प्रथिन. त्याचा स्वतःचा वास नाकाला जाणवेल इतका नसतोच. डोक्याला येणारा घाम हा मुख्यतः पाणी आणि मीठ, तोही ताजा असताना जवळपास बिनवासाचा. वासाचा कच्चा माल म्हणजे सीबम, केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून झरणारं आपलंच तेल. या तेलावर जगणारं मॅलेसेझिया नावाचं यीस्ट प्रत्येक मोठ्या माणसाच्या टाळूवर असतं, अगदी रोज डोकं धुणाऱ्याच्याही. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1874 मध्ये कोंड्याच्या संदर्भात त्याचं वर्णन केलं. त्यातल्या मॅलेसेझिया ग्लोबोसा या जातीचा जनुकसंच 2007 मध्ये उलगडला, तेव्हा एक गंमत कळली. मेदाम्लं, म्हणजे तेला-चरबीचे घटक, स्वतः तयार करण्यासाठी लागणारं जनुकच या जीवाकडे नाही. त्याला ती आपल्या डोक्यावरूनच घ्यावी लागतात.

म्हणून ते लायपेज हे विकर (एन्झाइम) सोडतं, सीबममधली ट्रायग्लिसराइडं, म्हणजे मेदाचे रेणू, फोडतं, संपृक्त मेदाम्लं उचलतं आणि असंपृक्त तशीच टाकून देतं. त्या टाकलेल्या मालातलं ओलेइक आम्ल काहींच्या त्वचेला अजिबात सोसत नाही. खाज सुटते, कोंडा पडतो. शिवाय हे यीस्ट गॅमा-लॅक्टोन नावाची गोडसर वासाची रसायनं तयार करतं, हे 1979 मध्ये दाखवलं गेलं. नारळाच्या आणि काही पिकल्या फळांच्या वासातही याच कुळातली रसायनं असतात. न धुतलेल्या डोक्याच्या वासात जी एक जडसर गोडी असते, तिच्यात यांचाही वाटा असतो. उरलेलं काम जिवाणू करतात. स्टॅफिलोकोकस गटातले जिवाणू ल्युसिन या अमिनो आम्लापासून आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात, म्हणजे दिवसभर घातलेल्या मोज्यांचा वास. हवेनेही सीबम हळूहळू खवट होतं, त्याला जिवाणूंची गरज लागत नाही.

म्हणजे वासाचा कारखाना टाळूवर आहे. केस हे त्याचं गोदाम, आणि हे गोदाम लहानसहान नाही. डोक्यावर साधारण एक लाख केस धरा. एका केसाची जाडी 0.07 मिलिमीटर आणि लांबी 60 सेंटिमीटर धरली, तर सगळ्या केसांचा मिळून पृष्ठभाग सुमारे 13 चौरस मीटर भरतो. दहा बाय चौदाच्या खोलीची फरशी डोक्यावर घेऊन फिरण्यासारखंच हे, आणि तीही तेलाचा हात फिरवलेली. टाळूवरचा वास तिला चिकटतोच, बाहेरचाही चिकटतो. मराठवाड्यातल्या चुलीत अजूनही तुराट्या आणि पऱ्हाट्या जळतात. त्या धुरातली ग्वायाकोलसारखी फिनॉलं तेलकट केसात सहज मुरतात, म्हणून स्वयंपाक होऊन तास-दोन तास उलटले तरी डोक्याला धुराचा वास येत राहतो.

आता पाणी. दख्खनच्या काळ्या खडकातून, खोल बोअरमधून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात; हेच ते जड पाणी. घरात त्याची ओळख सोपी आहे: तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या दिल्या तरी शिजत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण काठिण्याची, म्हणजे या जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. या 600 वाल्या पाण्याचं गणित करून बघा. साबण म्हणजे मेदाम्लाचं सोडियम लवण. कॅल्शियम भेटलं की त्याचं न विरघळणारं कॅल्शियम लवण होतं. अशा एका लिटर पाण्यात फेस यायच्या आधीच सुमारे साडेतीन ग्रॅम साबण वाया जातो. पंधरा लिटरच्या बादलीतलं सगळं कॅल्शियम असं संपवायचं म्हटलं तर 50 ग्रॅमहून जास्त साबण लागेल, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वडीतली निम्मी वडी!

आणि तो वाया गेलेला साबण मोरीतून निघून जात नाही, तिथेच खरी मेख आहे. बादलीत साबणाचा हात बुडवून बघा, पाण्यावर करडी-पांढरी कणी तरंगते. हीच कणी केसांवर बसते. वाळल्यावर फणी फिरवली की दातांच्या बेचक्यात राखी रंगाचा चिकट थर येतो. तो बोटावर घेऊन हुंगा: खवट, मेणचट वास. त्यात साबणाची कणी, सीबम, धूळ आणि टाळूचा कोंडा सगळं एकत्र चिकटलेलं असतं. म्हणजे डोकं धुतल्याने वास गेला नाही, उलट वासाला बसायला थर मिळाला. पागोळ्यांचं पाणी धरून त्यानं डोकं धुणाऱ्या आज्या उगाच तसं करत नव्हत्या. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात.

शांपूत साबण नसतो. त्यातलं सोडियम लॉरेथ सल्फेटसारखं द्रव्य कॅल्शियमशी अशी कणी धरत नाही. त्यामुळे जड पाण्याच्या गावात एक रुपयाची पुडी अंगाच्या महागड्या साबणापेक्षा डोक्याला बरी. शिकेकाई आणि रिठ्यातली सॅपोनिनं, म्हणजे फेस आणणारी द्रव्यंही, जड पाण्यात साबणाइतकी बिघडत नाहीत. शिवाय शिकेकाई किंचित आम्लधर्मी असते. साबणाचा सामू (पीएच) 9 ते 10 च्या घरात, म्हणजे अल्कधर्मी असतो, त्याने केसावरचे खवले उघडतात आणि केस एकमेकांत अडकतात. मात्र शिकेकाईची पूड वस्त्रगाळ हवी आणि डोकं खळखळून धुवायला हवं, नाहीतर तिचाच भुसा कोंड्यासारखा दिसतो.

साबण सोडवतच नसेल तर शेवटच्या तांब्यात अर्धं लिंबू पिळून ते पाणी केसांवरून घ्यावं. आम्लामुळे ती कणी फुटते. पण त्यानंतर साध्या पाण्याचा एक तांब्या हवाच. लिंबाचा रस त्वचेवर तसाच राहिला आणि तशात ऊन लागलं, तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. आपल्याकडच्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात हा धोका नुसता पुस्तकातला नाही.

तेलाबद्दल घरात बोलणं अवघड असतं, तरी बोलतो. करडई हे मराठवाड्याचं पीक, परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे वाणही दिले आहेत. खायला हे तेल उत्तम. डोक्याला लावायला मात्र नाही. त्यात लिनोलेइक आम्ल सत्तर टक्क्यांच्या वर असतं आणि ते हवेत लवकर ऑक्सिडाइज होतं. तयार होणाऱ्या हेक्झॅनलसारख्या अल्डिहाइडांचा वास म्हणजेच जुन्या तळणाचा वास. खोबरेलात संपृक्त मेदाम्लं नव्वद टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे ते लवकर खवटत नाही. ते केसाच्या आतही शिरतं आणि धुताना जाणारी प्रथिनं वाचवतं. पण टाळूवरच्या यीस्टला खोबरेलही चालतं. कोंडा असताना आठवडाभर तेल जिरवत ठेवणं म्हणजे त्याला पंगतीला बसवणं. तेल केसांच्या लांबीला लावा, धुण्याआधी तासभर पुरे. कोंडा जाईपर्यंत टाळू कोरडीच ठेवा.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला ‘एक दिवसाआड डोकं धुवा’ असा सल्ला देणं मला तरी जमत नाही. ऊसतोडीला गेलेली बाई चुंबळीवर मोळी वाहून दिवसभर घामेजते आणि पाण्यासाठी तिला दुसऱ्याच्या विहिरीकडे बघावं लागतं. पाणी कमी असेल तर ते टाळूवर खर्च करावं. शांपू आधी मगभर पाण्यात कालवायचा, बोटांनी भांग पाडत पाडत तो टाळूला पोचवायचा आणि बोटांच्या पेरांनी चोळायचं. खाली ओघळणाऱ्या फेसातच लांब केस निघतात, ते वेगळे घासावे लागत नाहीत. कोंड्यासाठी किटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शांपू असेल तर तीन ते पाच मिनिटं डोक्यावर राहू द्यावा. लावला आणि लगेच धुतला तर औषध मोरीतल्या यीस्टला मिळतं.

धुण्याइतकंच महत्त्व वाळवण्याला आहे. केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी पितात. लांब केसांचा आंबाडा ओलाच घातला, वरून पदर किंवा हेल्मेट आलं, की आतली ऊब आणि ओल यीस्ट-जिवाणूंना मानवते. मे महिन्यात हा प्रश्न येत नाही, झळाच केस वाळवतात. श्रावणात येतो. मोगऱ्याचा गजरा त्यावर पांघरूण घालतो खरा, पण मोगऱ्यातही इंडोल असतं. ते थोडं असलं की फुलासारखं, जास्त झालं की विष्ठेसारखं वास मारतं. कोमेजलेला गजरा ओल्या केसात रात्रभर ठेवून बघितलेल्यांना हे सांगायला नको.

स्वतःच्या डोक्याचा वास आपल्याला कळत नाही, कारण सतत येणाऱ्या वासाकडे नाक काही मिनिटांतच दुर्लक्ष करायला लागतं. उशीचा अभ्रा बाहेर मोकळ्या हवेत नेऊन हुंगावा, किंवा हेल्मेटचं अस्तर. बऱ्याचदा वास त्यांच्यातच साठलेला असतो आणि धुतलेल्या डोक्याला पुन्हा लागतो.

एक गोष्ट मात्र घरच्या उपायांवर सोडू नये. लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटलेला गोल चट्टा, खपली, पू किंवा घाण वास दिसला तर तो बहुधा डोक्याचा नायटा असतो. ही बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते, म्हणून नुसता मलम किंवा शांपू तिथवर पोचत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने बुरशीनाशक औषध काही आठवडे पोटात घ्यावं लागतं. तोवर त्या मुलाची फणी, टोपी आणि टॉवेल वेगळे ठेवावेत, आणि घरातल्या बाकीच्या पोरांची डोकीही उजेडात बसवून एकदा तपासावीत.