ताठ रॉड म्हणजे लांब फेक नव्हे

समुद्र खवळलेला असला की १५ फुटी, ताठ रॉडच हवा, असे किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांमध्ये, म्हणजे रॉड-गळाने मासे पकडणाऱ्यांमध्ये, पूर्वापार सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. उंच धरलेला लांब रॉड दोरीला फुटणाऱ्या लाटांच्या वर ठेवतो, एवढा लाभ निश्चित. परंतु फेक साधते ती रॉड वाकून उसळल्यामुळे, आणि आपल्या ताकदीने जो वाकतच नाही तो, समोरून वारा असताना तर विशेषच, केवळ दंड दुखवतो. बहुधा १२ ते १३ फुटांचा, ११० ते १७० ग्रॅम शिसे (दोरीला बांधायचे वजन) पेलणारा, बुडाशी दणकट पण शेंड्याला लवचिक रॉड पुरतो. असा शेंडा लाटेचा हिसका सोसतो, त्यामुळे शिसे सहज उखडत नाही. प्रवाहात टिकण्याचे मुख्य काम मात्र वाळूत रुतणाऱ्या, तारा लावलेल्या शिशाचेच असते.